हिच्या मानेवरची जांभळी रेष

मंडळी, सोसायटीच्या फळ्यावर लिहितोय, कारण हे तोंडाने सांगवणार नाही.

आमच्या हिच्या गळ्याच्या कॅन्सरला कोबाल्ट मशीनचा शेक चालू आहे. किरण कुठे सोडायचे त्याच्या जांभळ्या रेषा मानेवर आखलेल्या असतात. काल घामाने एक पुसली. ही म्हणाली, "अहो, हॉस्पिटलवाल्यांनाच काढू द्या." पण मुलुंडच्या कारखान्यात ड्रॉइंग स्वतःचं स्वतः शिकलेला मी. पट्टी लावून रेष ओढली.

आज टेक्निशियन मशीन सुरू करता करता थांबला. "ताई, ही कोणी काढली? बसून काढली ना? आडवं झालं की कातडी बोटभर सरकते. भलतीच जागा भाजली असती."

"मीच," ही म्हणाली. बोलणीही तिनेच खाल्ली. मी शेजारी गप्प उभा.

उद्या त्याला खरं सांगायचंय. तुम्ही तिथल्या तिथे बोलला असतात का?