वाचता येत असून लावलेला अंगठा

"अंगठा लाव बे. तुले वाचून का करा लागते?"

मालक खाटेवर बसले होते. बाजूला गावचे दोन पंच. मी खाली, त्यांच्या चपलांजवळ. चहा मिळाला तो छपरात खोचून ठेवलेल्या, माझ्यासाठीच्या वेगळ्या कपात. कागद मालकांनी हातात दिला नाही. माझ्यापुढे जमिनीवर टाकला. उडू नये म्हणून कोपऱ्यावर पाय ठेवला.

मी चौथी शिकलो होतो. बसल्या जागेवरून वाचलं. 'देवका हिने आमच्यासमोर बांधीवरचा हक्क राजीखुशीने सोडला.'

देवका म्हणजे मालकांची धाकटी सून. नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा ती सालेकशाकडे माहेरी निघून गेली. त्या दिवशी ती तिथे नव्हतीच.

ही बांधी, म्हणजे धानाचं खाचर, नवरा-बायको दोघांच्या नावावर होती. आधी नुसती पडीक जमीन. मी मालकांचा सालदार. एक अख्खा उन्हाळा तिने माती खोदली आणि मी टोपल्या वाहिल्या, तेव्हा त्या जमिनीभोवती पार, म्हणजे मातीचा बांध, उभी राहिली. दुपारी ती आपल्या गंजातली आंबील मला द्यायची. मग त्याच गंजाने स्वतः प्यायची.

मला सही करता येत होती. मी अंगठा लावला. का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. उद्या कुणी विचारलंच तर म्हणता येईल, मी अडाणी माणूस, मला काय कळतं. मालकांनी मला अडाणी म्हणून खाली बसवलं. मी त्याच अपमानाच्या आड लपलो.

शाई धोतराला पुसली. बैलांना पाणी दाखवायला गेलो. काही वाटलं नाही. बराच काळ काहीच वाटलं नाही.

त्या कागदाच्या जोरावर तिला बांधीत पाऊल ठेवू दिलं नाही. एकदा रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसांत ती आली. पारीवर उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं. मी पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी उचलली आणि पाठ फिरवली.

हे १९९९ चं. २०११ साली तिचा वाटणीचा दावा साक्षीवर आला. मालकांनी तोच कागद पुढे केला आणि साक्षीला मला. तिच्या नवऱ्याने मोटरसायकलवर बसवून नेलं. वाटेत एवढंच बोलला, "जास्त बोलजो नोको. समोर झालं म्हनजो, बस."

कोर्टात साहेबांनी विचारलं, "बाबा, वाचता येतं?"

मालकांचा वकील हसला. "अंगठाछाप आहे, साहेब."

"येते," मी म्हणालो.

कागद मागून घेतला. हातात धरून वाचला. मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत. मग म्हणालो, "हे खोटं हाय. बाई त्या दिवशी तिथं नोहोती. अंगठा माया हाय. तवाबी मले वाचता येत होतं."

मालक ओरडले नाहीत. गोठ्यातला बैल बोलू लागावा तसे माझ्याकडे बघत राहिले.

बाहेर देवका पायरीवर बसली होती. मी हात जोडले.

"बारा रोवने गेले, काकाजी," ती म्हणाली आणि बसस्टँडकडे चालू लागली. माफी तिने दिली नाही. मीही मागणार नाही.

मालकांनी दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. दावा अजून चालू आहे. पुढच्या तारखेला पुन्हा बोलावलं आहे. वकील मला खोटारडा म्हणेल. होतो, असं सांगेन. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा सांगेन.

आणि जबानीखाली सही करीन. पूर्ण नावाची.