जपानहून आलेली ट्यूब

फ्लोराइड हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माहेरी, यवतमाळकडच्या एका लहान गावात. नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि पुढच्या खेपेला सांगितलं, की या पाण्यात फ्लोराइड फार आहे. तोवर दातांवरचे तपकिरी पट्टे म्हणजे आमच्या घराण्याची खूण, असंच सगळे समजत. माझे दात तसेच आहेत. थोरल्या काकांची तर त्याच पाण्यानं मान आणि पाठ चाळिशीतच ताठली होती. मागून कुणी हाक मारली की ते अख्खे वळायचे. शेवटी शेवटी त्यांना पाटावर बसता येईना, म्हणून काकू त्यांना उभं ठेवूनच भरवायची.

लग्न होऊन मी मुलुंडला आले. नळाला तलावाचं पाणी. वाटलं, सुटलो आपण.

मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर ही मोरीच्या कठड्यावर बसून टूथपेस्टची ट्यूब तोंडात पिळत होती. गोड लागते म्हणाली. पाव ट्यूब तरी संपलेली. मी ट्यूब हिसकावून घेतली आणि त्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला लागले. वरून तिसऱ्याच ओळीत तो शब्द होता.

ज्या गोष्टीनं काकांना लाकूड केलं, ती मी रोज सकाळी माझ्या हातानं लेकीच्या तोंडात घालत होते. तिला कडेवर घेऊन चपला न घालताच मी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी तिला ग्लासभर दूध पाजलं आणि दवाखान्यातच बसवून ठेवलं. ती दोनदा ओकली, मग भूक लागली म्हणाली. संध्याकाळी डॉक्टरांनी घरी पाठवलं. पोटाचं निभावलं, असं ते म्हणाले. दातांचं आणि हाडांचं मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटली.

त्या दिवसापासून पेस्ट बंद. राखुंडी आणि मीठ. नवरा म्हणाला, सगळी मुंबई तीच पेस्ट लावते. सासूबाई म्हणाल्या, मी राखुंडीवरच म्हातारी झाले. मी कुणाशी वाद घातला नाही. रोज तिला खिडकीपाशी उजेडात नेऊन तोंड उघडायला लावायची आणि एकेक दात बघायची. तपकिरी काही दिसलं नाही. पण सहा-सात महिन्यांनी मागच्या दाढेत काळं भोक दिसलं आणि ती एका बाजूनं जेवायला लागली.

स्टेशनजवळ एक दातांचे डॉक्टर बसत. वयस्कर, सावकाश बोलणारे. कीड आहे, दुधाची दाढ आहे, भरून टाकू, म्हणाले. पेस्ट कुठली वापरता, असं विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दिवा वळवला आणि माझेच दात पाहिले. इतक्या वर्षांत कुणी असं नीट पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. विहिरीचं ते पाणी तुम्ही लहानपणी घोटाघोटानं दिवसभर पीत होतात. पेस्ट वाटाण्याएवढी घ्यायची आणि थुंकायची, त्यानं काकांसारखं होत नाही. पण लहान मूल गिळतं, त्याला जपायला हवं. "पक्के दात आत्ता हिरडीच्या आत तयार होतायत," ते म्हणाले. हे त्यांनी धीर देताना सांगितलं, पण माझ्या मनात तेवढंच राहिलं. जे बिघडायचं ते आत, मला न दिसता, बिघडत असेल.

आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी बोटीवर नोकरीला होते. जपानच्या फेरीवरून आले तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांना माझी काळजी सांगितलेली असावी, कारण ते एक पांढरी ट्यूब घेऊन खाली आले. तिथं नवीनच निघालीय म्हणाले. "वहिनी, यात फ्लोराइड नाही. दात ज्याचा बनतो तेच यात घातलंय, असं दुकानातल्या मुलीनं चित्र काढून दाखवलं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे हाडं?"

आमचं घर माळकरी. ट्यूबवर सगळी जपानी अक्षरं, एक शब्द वाचता येईना. एका भीतीतून सुटायला गेले तर हातात दुसरी. ट्यूब आणि तिचं खोकं घेऊन मी पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे गेले. खोक्याच्या कडेला बारीक इंग्रजी होतं, ते त्यांनी भिंग लावून वाचलं. हायड्रॉक्सीॲपेटाइट. कॉलेजात दातातलं खनिज म्हणून पाठ केलेला शब्द, ट्यूबमध्ये भरलेला आज पाहतोय, म्हणाले. ते कारखान्यात बनवता येतं, हाडंच लागतात असं नाही. पण यात कुठलं आहे हे त्यांनाही खोक्यावरून कळेना.

"गिळलं तर यानं तुमच्यासारखे डाग पडणार नाहीत, एवढं सांगू शकतो," ते म्हणाले. "कीड थांबेल का, ते मला खरंच माहीत नाही."

घरी येऊन मी सासूबाईंना फक्त कारखान्याचं सांगितलं. उरलेलं गिळून टाकलं.

ती ट्यूब आम्ही तीन महिने पुरवली. त्या तीन महिन्यांत मी जरा शांत झोपले. मग ती संपली, शेजारी आखाताच्या फेरीवर गेले आणि मुंबईत तसलं काही कुठल्या दुकानात मिळेना. पुन्हा कीड लागू द्यायची हिंमत नव्हती. मी जुनीच पेस्ट आणली. मुगाच्या दाण्याएवढी लावायची आणि शेजारी उभं राहून तिची हनुवटी धरायची. थुंक. परत थुंक. अजून थुंक.

एका सकाळी तिनं चूळ भरताना पाणी गिळलं. ती तशीच थिजून उभी राहिली, ब्रश हातात. मग हळूच विचारलं, "आई, मी आता मरणार का?"

मी मोरीतच खाली बसले. तिला मांडीवर घेतलं. वर्षभर मी तिच्या दातांना जपत होते आणि तिच्या मनात काय भरत होते ते मला दिसलंच नव्हतं. नाही गं, म्हणाले, काही होत नाही. मग तिला माझी विहीर सांगितली, काका सांगितले, मी कशाला घाबरते ते सांगितलं. तिनं माझ्या तोंडात बोट घालून पट्ट्यांना हात लावून पाहिला. "दुखतं?" मी नाही म्हटलं. त्यानंतर हनुवटी धरणं मी सोडलं. भीती गेली नाही, पण मी मोरीच्या दाराबाहेर उभी राहायला शिकले.

सात वर्षांची होता होता समोरचा पक्का दात आला. कड करवतीसारखी आणि रंग दुधाच्या दातांहून पिवळट. मी तशीच तिला घेऊन डॉक्टरांकडे. ते म्हणाले, नवे दात असेच येतात, कड झिजून सरळ होईल. तपकिरी रेघ कुठंच नव्हती.

पुढच्या महिन्यात शेजारचा दात आला. त्याच्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. त्या दुपारच्या पेस्टचा का, मी विचारलं. असेलही, लहानपणच्या एखाद्या तापाचाही असेल, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लेकीला तो आरशात कधी दिसतसुद्धा नाही. मला मात्र ती हसली की आधी तोच दिसतो.