कमरेत शिरलेली थंडी

दाभोळचा ओवेस मुकादम ओमानात, हमरियातल्या गाद्यांच्या दुकानात अठरा वर्षं उभा होता. शिक्षण बारावी नापास, पण गिऱ्हाईक दारातून आत येताच त्याच्या चालीवरून तो मणक्याचं निदान करायचा. "तुमचा एल-फोर गेलाय," असं तो गवंड्यालाही सांगे आणि बँकेच्या मॅनेजरलाही. इलाज सगळ्यांना एकच, 'स्पाइन किंग' नावाची जाडजूड स्प्रिंगची गादी.

अशा धन्वंतरीची स्वतःच्याच मणक्यातली चकती सरकली, तीही पायात मोजा चढवताना. डावा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत पेटला. डॉक्टरांनी एमआरआय बघितला आणि म्हणाले, "चकती नसेवर दाबतेय. ऑपरेशनची गरज नाही. वजन उचलू नका, व्यायाम करा आणि दोन महिने धीर धरा."

ओवेसला यातलं काहीच पसंत पडलं नाही. धीर तर मुळीच नाही. त्यात डॉक्टरांनी कमरेला दिलेला पट्टा. गादीवालाच पट्ट्यात दिसला तर गादी कोण घेईल? मग पट्टा आत आणि वरून ढगळ सदरा, असा तो दुकानात जाऊ लागला. "सहावा महिना लागल्यासारखे दिसता," बायको सुरैया म्हणाली.

तिची आई हवाबी तेव्हा व्हिजिट व्हिसावर त्यांच्या अल् घुब्र्याच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला होती. तिने तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि म्हणाली, "जरा पालथे पडा, शेक देतंय."

"खाला, हे गावठी उपाय इथे नकोत," ओवेस म्हणाला. हवाबीने मीठ परत बरणीत ओतलं.

पुढच्याच आठवड्यात ओवेस मदिनत सुलतान काबूस या उच्चभ्रू वस्तीतल्या एका चिनी उपचार केंद्रात पालथा पडला होता. तिथे भिंतीवर माणसाच्या देहातून रेल्वेलाइनी गेल्याचा तक्ता होता आणि इवल्या कपात आल्याचा चहा मिळत होता. त्यामुळे ते गावठी नव्हतं. तिथल्या चिनी वैद्य लिनबाईंनी त्याची कंबर चाचपली आणि फोनमध्ये चिनीत काहीतरी सांगितलं. फोन हिंदीत बोलला, "आपकी कमर में ठंड घुस गई है."

बाहेर सेहेचाळीस डिग्री होती. पण ओवेसचे डोळे भरून आले. अठरा वर्षं एसीच्या थेट झोताखाली काढली होती त्याने. शेवटी कुणालातरी कळलं!

लिनबाईंनी वाळक्या पाल्याची, चिरुटाएवढी जाड कांडी पेटवली आणि तिचं निखाऱ्याचं टोक कातडीपासून बोटभर अंतरावर फिरवत राहिल्या. ऊब आत उतरली, आवळलेले स्नायू सैल पडले. सहाव्या खेपेला तो बराचसा सरळ चालू लागला. फोनने बजावलं, "दर्द कम है. डिस्क वहीं है. वज़न मत उठाइए." पहिलं वाक्य ओवेसने ज्ञान म्हणून घेतलं, बाकीची दोन बाईमाणसाची काळजी म्हणून सोडून दिली.

"खलास! चकती आत गेली," त्याने दुकानात जाहीर केलं आणि पट्टा खणात टाकला.

तिसऱ्या दिवशी निझवाचा एक म्हातारा ओमानी गादी बघायला आला. तो गुडघ्यावर हात ठेवून नुसता विचारत होता, "ही पाठीला चांगली?" ओवेसने उत्तरादाखल स्पाइन किंग एकट्याने उचलली. ती छातीपर्यंत आली, आणि मग ओवेस तिथेच राहिला. ना खाली, ना वर. म्हाताऱ्यानेच गादी काढून घेतली, जमिनीवर टाकली आणि दोन्ही हातांनी धरून त्याला तिच्यावर निजवलं.

अठरा वर्षांत ओवेस या गादीवर पहिल्यांदाच आडवा होत होता. कंबर खड्ड्यात गेली, पाय वर राहिले. ताटातल्या घावनासारखा तो मधोमध मुडपला.

"चांगली आहे?" म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं. चेष्टा नव्हती, त्याला खरंच गादी घ्यायची होती.

"घेऊ नका, अर्बाब, मालक," ओवेस कण्हला. "ती कोपऱ्यातली कडक घ्या. आणि आधी मला ह्यावरून काढा."

त्यानंतर तो तीन आठवडे घरी होता. डॉक्टरांचे व्यायाम त्याने दात-ओठ खात केले. मिठाचा शेकही घेतला, स्वतःहून पालथा पडून. जरा फरक पडून घराबाहेर निघता येऊ लागलं तेव्हा सुरैयाने त्याला पुन्हा लिनबाईंकडे नेलं, आणि सोबत हवाबीही निघाली.

कांडी पेटताच हवाबीने नाक उंचावलं. "ह्यो तर दवण्याच्या जातीचा पाला! ह्याच्यासाठी इतक्या लांब?"

सुरैयाने ते फोनला हिंदीत सांगितलं, फोनने लिनबाईंना. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या गावी हे त्यांची आईच करायची. मग ओवेसच्या उघड्या पाठीवर दोघींची चर्चा जुंपली. मीठ किती तापवावं, कांडी कुठे थांबवावी. "हितं धरा, हितं त्यांचा दुखता," हवाबी बोट ठेवून दाखवत होती. ओवेस उशीत तोंड खुपसून म्हणाला, "तिथे नाही दुखत." ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

त्याचं आटोपल्यावर हवाबी आपले दुखरे गुडघे घेऊन त्याच पलंगावर चढली. डॉक्टरांनी ओवेसला फार वेळ बसू नका म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तो बाहेरच्या बोळात चकरा मारत राहिला, आणि आतून तिघींचं हसणं येत राहिलं.