डाव्या कोपऱ्यातला बाळ्या

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. शिफ्ट करून अंग मोडून आलेलं असतं, पेणच्या एसटीत उभं राहायचं असतं, तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "हवालदारांचा तो सांग ना!" मग सांगावाच लागतो.

हवालदार म्हणजे रोह्याजवळच्या आमच्या कंपनीच्या गेटवरचे वॉचमन आणि कबड्डी टीमचे कोच. मूळचे पेणजवळच्या गडब गावचे. तरुणपणी भारताकडून खेळले, मग फौजेत गेले. शौर्यपदक आणि अधू पाय घेऊन परतले.

*

पदकामुळे गावोगाव सत्कार. दर वेळी शाल आणि नारळ! शेवटी त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, आयोजकांना दारातच विचारलं, "शाली ठेवायला पेटी नाय उरली. पुढल्या टायमाला तांदूळ द्याल काय?"

*

पेणच्या सत्कारात एक पुढारी तावातावाने म्हणाले, "यांनी शत्रूला कबड्डीची पकड घातली!" टाळ्याच टाळ्या. खाली उतरल्यावर हवालदार म्हणाले, "मी शत्रू बघितलाच नाय. गोळ्या येत होत्या, तेवढंच माहीत."

*

खरं काय ते त्यांनी एकदाच सांगितलं, चहा पिताना. रोह्याचा बाळ्या त्यांच्या जुन्या टीमचा डावा कोपरा, पुढे पलटणीतला सोबती. तो गोळी लागून पडला. हे परत गेले आणि त्याला पाठीवर घेऊन आले.

"पोचलो तवा तो गेलेला. आईला त्याच्या बोललेलो, परत आणतो म्हणून."

रोह्यातला सत्कार त्यांनी कधीच घेतला नाही. बाजारातही जात नसत. कंपनी सुटली की सरळ एसटी.

*

आमच्या टीममध्ये डावा कोपरा मी. माझं नाव सुरेश. हवालदार मला बाळ्या म्हणायचे!

"हवालदार, सुरेश."

"व्हय रे बाळ्या."

सांगून सांगून कंटाळलो, सोडून दिलं.

*

आणि मग फायनल आली, नेमकी रोह्यात. आम्ही हवालदारांना जवळजवळ ओढत नेलं. मैदानाच्या कडेला ते खाली मान घालून बसले. समोर बायकांच्या रांगेत बाळ्याची आई. दोघांची नजरानजर झाली, पण कोणी उठलं नाही.

शेवटची चढाई समोरच्यांची. गडी परत फिरला आणि मी त्याचा घोटा धरला. आडदांड होता, मला फरफटत मधल्या रेषेकडे निघाला. माझे हात सुटायला लागले. हवालदार सगळं विसरून उभे राहिले आणि ओरडले, "बाळ्या, सोडू नको!"

सगळ्या माना हवालदारांकडे वळल्या. बाळ्या कोण, हे रोह्यात सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदारांनी तोंडावर हात दाबला.

समोरून म्हातारी उठली. पदर खोचून थेट माझ्याकडे बघत ओरडली, "बाळ्या, आयकलंस नाय काय? धर त्याला!"

मग मी कसला सोडतोय!