ओल्या केसांचा सल्लागार

आमचे सरदार हौ ख्वेई रागावले की आधी शिरस्त्राण मागायचे, मग कारण शोधायचे. मी त्यांची स्वयंपाकीण. तौ मिन त्यांचा सल्लागार. बारीक अंगाचा, माझ्या चुलीपाशी सारखा लुडबुडणारा. मीठ जास्त झालं म्हणायचा आणि वाडगा चाटूनपुसून ठेवायचा. ग्रंथ त्यानं किती वाचले होते देव जाणे, पण आयुष्यभर सल्ला एकच दिला, आधी न्हाऊन घ्या.

नदीपलीकडच्या सरदारानं आमच्या सरदारांच्या घोड्याला गाढव म्हटलं, तेव्हा अंगणात सैन्य गोळा झालं. तौ मिन शांतपणे म्हणाला, "जरूर जाऊ, सरदार. पण लढाईत डोकं पडलंच, तर उचलून बघणारा काय म्हणेल? केस किती मळलेत ते."

सरदार वरमले. मी केस धुवायला राळ्याच्या दाण्यांचं आंबवलेलं पाणी तापवलं. सरदारांचे गुडघ्यापर्यंतचे केस. ओल्या केसांचा अंबाडा बांधता येत नाही आणि अंबाड्याशिवाय शिरस्त्राण बसत नाही. केस वाळेपर्यंत राग ओसरला, सैनिक जेवून घरी गेले. अशा कितीतरी लढाया माझ्या पातेल्यात बुडाल्या.

मग एका ढगाळ दिवशी सरदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आपल्याला न्हाऊ घालून बनवलं म्हणून ते पिसाळले आणि तौ मिनचं मुंडकं वेशीवर टांगायचा हुकूम सोडला.

तौ मिन म्हणाला, "टांगा. पण धुतलेलं टांगा."

याला नाही म्हणणं सरदारांना जमेना. मी पाणी मुद्दाम दाट केलं, म्हणजे केस चिकट होऊन पुन्हा धुवावे लागले. ऊन नाही, वारा नाही. सरदार येरझाऱ्या घालून कंटाळले आणि शेवटी स्वतःच पंखा घेऊन वारा घालायला बसले. वारा घालता घालता जेवायला काय आहे म्हणून विचारू लागले. मी बदक आहे म्हटलं.

जल्लादानं केस वाळले का म्हणून विचारलं. सरदारांनी हात फिरवून पाहिला. केस खडखडीत वाळले होते, मला लांबूनही दिसत होतं.

"ओले आहेत अजून," सरदार म्हणाले. "उद्या बघू."

तो उद्या काही उजाडला नाही. तौ मिन म्हातारा होऊन, माझ्या बदकाला नावं ठेवत, अंथरुणातच गेला. तेव्हा त्याचे विरळ पांढरे केस सरदारांनी स्वतः धुतले आणि पंखा घेऊन बसले. चार केस ते, वाळायला कितीसा वेळ लागणार? पण संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाला वाळले म्हणू दिलं नाही.