शेडमधली जीप

अण्णांच्या पायावरून जीप गेली ती भर दुपारी, चार माणसांच्या देखत. सरकारी कागदाप्रमाणे मात्र त्या दिवशी ती जीप जागची हललीच नव्हती. हा कागद खोटा ठरवण्यासाठी मी दीड वर्ष हेलपाटे घातले. पन्नासचं दशक संपत आलं होतं, मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, आणि घरात इंग्रजीत अर्ज लिहिता येणारी मी एकटीच होते. त्यामुळे सरकारशी भांडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरात आमच्या किती पिढ्या झाल्या ते कुणालाच धड सांगता येत नसे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि अण्णा रागावले की दोन्ही. चिकपेटेतल्या एका गल्लीत घराच्या पुढच्या खोलीतच आमचं बायकांचे ब्लाउज शिवायचं दुकान होतं. अण्णा कुठल्याही बाईचं माप स्वतः घेत नसत. पडद्याआड आई, आणि मोठी झाल्यावर मीही, टेप लावून आकडे वहीत लिहायचो. अण्णा वही बघून कापड कापायचे. ती मापवही देवघराच्या कपाटात असे. कोण जाड झाली, कोण खंगली, कुणाला दिवस गेले, सगळं तिच्यात दिसायचं. म्हणून ती बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडू द्यायची नाही, आणि आपल्याकडे कोण काय शिवतं ते बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या घराचा कायदा. आजोबांच्या वेळेपासूनचा.

त्या दिवशी अण्णा बटणं आणायला गेले होते. रस्ता ओलांडताना जीप वळणावरून आली, त्यांना आडवं पाडलं, आणि उजव्या पावलावरून चाक गेलं. जीप क्षणभर थांबली. मागे बसलेल्या बाईने वाकून पाहिलं, आणि जीप निघून गेली. कोपऱ्यावरच्या फूलवालीने जीपवर रंगवलेलं खात्याचं नाव ओळखलं, नंबर तिला वाचता आला नाही. अण्णांनी नंबर पाहिला नाही, बाईचा चेहराही पाहिला नाही. त्यांनी पाहिली ती बाही.

"गर्द हिरवी बाही, कडेला अबोली पाइपिंग," दवाखान्यात पायाला प्लास्टर चढत असताना ते आईला सांगत होते. "दोन दिवसांखाली आपणच दिलेला ब्लाउज की गं तो."

हिरव्यावर अबोली पाइपिंग ही अण्णांची स्वतःची कल्पना. सगळ्या पेठेत दुसऱ्या कुणी तसं केलं नव्हतं. मी घरी येऊन वही उघडली. त्याच खात्यातल्या इंजिनियरसाहेबांच्या बायकोचं नाव तिथे माझ्याच अक्षरात होतं. मला वाटलं, प्रश्न मिटला. साहेबांना मिळालेली जीप कोणती ते कुणीही सांगेल.

"बाईंचं नाव कुठे घ्यायचं नाही," अण्णा म्हणाले.

"पाय तुमचा गेलाय, अण्णा."

"पाय माझा गेलाय. नाव त्यांचं जाईल. दुपारच्या वेळी सरकारी जीपमधनं बाई कुठे चालली होती, हे कचेरीतले दहा पुरुष बसून विचारणार. ते आपल्यामुळे व्हायला नको."

मी आईकडे पाहिलं. आईने अण्णांकडे पाहिलं. तिने चाळीस वर्षं त्यांचंच ऐकलं होतं, आता काय वेगळं करणार होती?

प्लास्टर निघालं तेव्हा पाऊल वाकत नव्हतं. शिवणयंत्र पायाने चालवायचं, आणि एकट्या डाव्या पायाने ते ओढताना दिवसाला एक ब्लाउजसुद्धा पुरा होईना. डॉक्टर म्हणाले, पाऊल यापेक्षा सुधारणार नाही. उपाय एकच होता: मशीनला विजेची मोटर बसवायची. ती घेण्याची ऐपत आम्हाला नव्हती. सरकारने जीप आपली असल्याचं मान्य केलं तर भरपाई मिळणार होती, आणि भरपाई मिळाली तर मोटर. नाहीतर दुकान बंद. इतकं सरळ होतं ते.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या खात्याच्या कचेरीतल्या कारकुनाला मी इतक्या वेळा भेटले की त्याच्या कानावरचे केस आजही माझ्या डोळ्यांपुढे आहेत. "नाळे बा," तो म्हणायचा. उद्या ये. उद्या गेले की साहेब दौऱ्यावर. परवा गेले की अर्जाला तिकीट लावलेलं नाही. तिकीट लावून नेलं की अर्ज दुसऱ्या टेबलाचा. दुसऱ्या टेबलावरचा माणूस मुलीच्या बारशाला गेलेला. एकदा तर त्या कारकुनाने माझाच जुना अर्ज माझ्यापुढे धरून विचारलं, "हे कुणाचं अक्षर? छान आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

सात महिन्यांनी लेखी उत्तर आलं. खात्याच्या सर्व जीपच्या नोंदवह्या तपासल्या. त्या दिवशी त्या रस्त्याने एकही गेलेली नाही. एक तर दुरुस्तीसाठी दिवसभर शेडमध्ये उभी होती. ती कुणाची, हे त्यांनी न सांगता मला कळलं.

गल्लीतल्या वकिलांना ते उत्तर दाखवलं. ते वाचून हसले. "समज, जीप सापडली. मग ते म्हणतील, ती सरकारी कामावर नव्हती, तेव्हा सरकारचा संबंध नाही. पण ते पुढचं. आधी सापडू दे."

फेऱ्यांना दीड वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी इंजिनियरसाहेबांच्या त्या बाई बऱ्याच महिन्यांनी नवीन ब्लाउजचं माप द्यायला आल्या. मी पडद्याआड त्यांच्या दंडाला टेप लावला होता, आणि बाहेर अण्णा काठी टेकत कपाटाकडे जात होते. काठीचा आवाज ऐकून बाईंनी पडदा जरा सारला.

"पायाला काय झालं, अण्णा?"

"पडलो, बाई," अण्णा म्हणाले.

"अय्यो पाप," बाई म्हणाल्या. अरेरे, बिचारा, अशा अर्थाने आमच्याकडे सगळेच हे म्हणतात. मग त्यांनी पडदा सोडला आणि हात पुन्हा माझ्यापुढे धरला. त्यांना माहीत होतं का? मी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. त्या खिडकीतून गल्लीकडे पाहत होत्या. मी टेप जरा जास्तच आवळला, त्यांनी हात झटकला, तेवढाच माझा सूड.

शेवटी माझ्या अर्जांना कंटाळून वरच्या एका अधिकाऱ्याने आम्हाला बोलावलं. जाताना मी एक गोष्ट केली. देवघराच्या कपाटातली मापवही काढून कापडी पिशवीत घातली. अण्णांना सांगितलं नाही.

हा अधिकारी वयस्कर होता, आणि चीड यावी इतका भला. त्याने अण्णांना खुर्ची दिली. "तुमच्या मुलीचे सगळे अर्ज मी वाचलेत," तो कन्नडमध्ये म्हणाला. "मलाही वाटतं, जीप आमचीच असावी. पण कोणती, ते तुम्ही सांगा. आत कोण होतं, काही खूण, काहीही. मी जीपची नोंदवही पुन्हा तपासायला लावतो."

दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी पिशवीत हात घातला. वही निम्मी बाहेर आली असेल, तेवढ्यात अण्णांनी तिच्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आत कोण होतं ते दिसलं नाही, स्वामी."

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"देवाचं पुस्तक आहे. मुलगी सोबत ठेवते."

अधिकाऱ्याने मान हलवली, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि फाइल बंद केली. घोड्याच्या जटक्यातून आम्ही घरी आलो. अण्णांनी उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, तो मी दिला, पण मनातून दिला नाही. पुढे चार दिवस मी त्यांचं ताट वाढलं ते फक्त आदळायचं बाकी ठेवून.

तीन आठवडे गेले. बाईंचं कापड आमच्याकडे पडूनच होतं. त्यांच्याआधी दिलेले सहा ब्लाउज व्हायचे होते, आणि अण्णा एका पायाने मशीन ओढत होते. एका दुपारी दारात जीप थांबली. खाकी कपड्यातला ड्रायव्हर पायरीवर आला. त्याने अण्णांच्या पावलाकडे एकदा पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे पाहत राहिला.

"बाईंनी कापड परत मागितलंय. लग्नाला घालायचंय. तुमच्याकडे फार उशीर होतो म्हणाल्या. दुसरीकडे देणार आहेत."

त्याच्यामागे ती जीप उभी होती. खात्याचं नाव, नंबर, सगळं उन्हात स्वच्छ दिसत होतं. मला रडू आलं ते रागाने. त्या जीपचा राग, बाईंचा, आणि सगळ्यांत जास्त अण्णांचा. माझं उरलंसुरलं पोरपण ज्या नंबरामागे गेलं तो आता दारात आला होता, आणि फाइल बंद झाल्यावर त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

अण्णांनी कापडाची घडी नीट केली, कागदात बांधली. मग मला म्हणाले, "वही काढ. बाईंचं माप एका चिठ्ठीवर उतरून दे, पाकिटात घाल. नवा शिंपी कापड बिघडवायचा."

मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. मी वही काढली आणि एकेक आकडा उतरवला. पाकीट बंद करणार, तोच ते म्हणाले, "थांब. बाईंचा उजवा खांदा स्वल्प उतरता आहे. वहीत नाही ते, शिवून शिवून माझ्या हाताला माहीत आहे. तेही लिही."

तेही लिहिलं.