थंडीच्या कापणीचं तेल

माझ्या मुलीला घरीदारी सगळे नाकाडी म्हणतात. नाक तसं बेताचंच आहे. पण घरात पाऊल टाकल्याबरोबर ती सांगते, दूध नुसतं उतू गेलं की खाली लागलंही. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि थेट माझ्या धाकट्या भावाच्या भट्टीवर कामाला लागली. भावाचा पुदिन्याच्या तेलाचा धंदा. कापलेला पाला टाकीत दाबून भरायचा, खालून वाफ सोडायची आणि वाफेबरोबर निघालेलं तेल गार करून वेगळं काढायचं. मामाच्या हाताखाली भाची, म्हणून मी निर्धास्त होते.

पुदिना वर्षभर एकसारखा नसतो. उन्हाळ्यात दिवस लांबले आणि पाला जून झाला की तेल भरपूर उतरतं आणि नाकात गारवा भरतो. थंडीत दिवस आखडले की त्याच शेतातलं तेल कमी येतं, वासालाही उग्र, हिरवट लागतं. आमच्या वडिलांनी आम्हा दोघा भावंडांना बांधावर बसवून, पानं चुरडून नाकाशी धरून हे शिकवलं होतं. त्यामुळे भावाला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

एका वर्षी उन्हाळ्याचा माल संपला, तेव्हा त्याने थंडीच्या कापणीची पिंपं टूथपेस्टच्या कारखान्याला पाठवली. नाकाडीने आधीच बजावलं होतं, "मामा, हे त्यांच्या नमुन्याशी जुळणार नाही. निदान कळवून तरी पाठवा." मामाने मनावर घेतलं नाही. पिंपं परत आली. मागोमाग कारखान्याचे खरेदीसाहेब जाब विचारायला आले, तर माझा भाऊ सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "साहेब, भाचीने भेसळ केली. घरचंच माणूस, काय बोलणार!"

गिऱ्हाईक टिकवायला त्याने पोरीचा बळी दिला.

या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. भेसळवाली म्हटल्यावर एकाही भट्टीने तिला उभं केलं नाही. ती औषधांच्या दुकानात बाटल्या लावत राहिली. झोपेत दात खायची. भाऊ अधूनमधून फोन करायचा, "ताई, राग सोड गं आता." मी फोन आपटायचे.

मग त्याच कारखान्यात तपासणीच्या खोलीत जागा निघाली. खरेदीसाहेब कुरकुरले; पण तिथल्या मुख्य बाईंनी तिच्यापुढे झाकलेल्या बाटल्या ठेवल्या, तिने सगळ्या बिनचूक ओळखल्या आणि बाईंनी तिला घेतलं. यंदा भावाचं उन्हाळी पीक किडीने खाल्लं. उरला थंडीचा माल. तो नाकाडीच्याच टेबलावर आला.

भाऊ लगोलग घरी हजर. "ताई, पोरीला जरा समजाव."

"पोर समोर बसलीय. तिलाच सांग."

"अगं नाकाडे, तेल शुद्ध आहे. थंडीचा पाला, वास असाच येणार. हे तुला मी सांगायला हवं का?"

"असं असतं होय, मामा? मला वाटलं भेसळ असेल."

"टोमणे पुरे."

"टोमणा कसला? उद्या कारखान्यात या आणि हेच साहेबांना तुमच्या तोंडाने सांगा. मग मी शेरा लिहिते."

अडला होता, गेला. नाकाडीने तिथे खरेदीसाहेब, मुख्य बाई, अगदी पिंपं उतरवणारे हमालसुद्धा गोळा करून ठेवले होते. मामाने घसा खाकरून सुरुवात केली, तर ही म्हणाली, "जरा मोठ्याने, मामा. मागच्यांना ऐकू येत नाहीये."

त्याने पुन्हा सांगितलं. साहेबांनी विचारलं, "मग त्या वर्षीची पिंपं?"

"तीही थंडीचीच."

"आणि भेसळ?"

"नव्हती."

साहेबांनी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. मग तिने शेरा लिहिला: तेल शुद्ध, गारवा कमी, टूथपेस्टला चालणार नाही, माल परत.

"अगं, मी सगळं कबूल केलं ना!" मामा ओरडला.

"म्हणून तर शुद्ध लिहिलं."

संध्याकाळी तिने हे सांगितलं, तेव्हा भावाचं पडलेलं तोंड डोळ्यांसमोर आणायला मी तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. पोरीचं नाव स्वच्छ झालं होतं. आता ती शांत झोपेल, असं वाटलं.

"पुढच्या उन्हाळ्याचा त्यांचा मालही मी माझ्याकडेच मागून घेतलाय," ती म्हणाली.

"उन्हाळ्याच्या तेलात खोट नसते गं."

"नसली तर काढीन."

नाव आत्ता कुठे निष्कलंक झालंय. एक खोटा शेरा पकडला गेला, तर या वेळी ते खरंच बुडेल, आणि बुडवणारी ती स्वतःच असेल. हे सगळं तिला ठणकावून सांगायला मी तोंड उघडलं.

"जपून कर," मी म्हणाले.